हॉटेलातील जेवण : तेल कोठे लपते?

"डॉक्टर, घरी आम्ही तेल अगदी मोजून वापरतो. मग यांचे कोलेस्टेरॉल उतरत का नाही?" हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणारी बहुधा रुग्णाची पत्नी असते आणि तिचे म्हणणे खरे असते. चौघांच्या घरात महिन्याला तीन किलो तेल, म्हणजे माणशी रोजचे २५ ग्रॅम, असा तिचा हिशेब पक्का असतो. त्यात चूक काढण्यासारखे काही नसते. मग मी यजमानांकडे वळून विचारतो, "गेल्या महिन्यात बाहेर किती वेळा जेवलात?" उत्तर ठरलेले असते : "कधीतरीच."

या 'कधीतरीच'वर माझा विश्वास नाही. म्हणून मी रुग्णांना एक सोपे काम सांगतो. घरातल्या कालनिर्णयावर, ज्या दिवशी बाहेरचे खाल्ले त्या तारखेवर पेन्सिलीने एक फुली मारायची. मग ते जेवण असो, सायंकाळचा डोसा असो की मुलांनी घरी मागवलेले पार्सल. महिन्याने तो कागद घेऊन यायचा. पन्नाशीतल्या एका गृहस्थांच्या कागदावर अकरा फुल्या होत्या. दोन वाढदिवस, एक सेवानिवृत्तीचा समारंभ, तालुक्याला कोर्टाच्या कामासाठी तीन खेपा, चार रविवार आणि पाहुणे आले म्हणून एकदा. यातले एकही जेवण चैनीचे नव्हते. पण अकरा जेवणे म्हणजे 'कधीतरीच' नव्हे. ते आता आहाराचा भाग झाले आहे, म्हणून त्याचाही विचार घरच्या तेलासारखाच मोजून करायला हवा.

हॉटेलात जाऊच नका, असे मी सांगत नाही. सांगितले तरी कोणी ऐकत नाही हे एक कारण आहे. पण दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस आधीच घाबरलेला असतो. 'मला तिथले काही चालत नाही' म्हणून तो घरच्यांबरोबर बाहेर जाणे टाळू लागला की, हळूहळू लग्नकार्य, मित्रमंडळी सगळेच टाळू लागतो. घरचे जातात आणि हा एकटा वरणभात खात बसतो. हे चांगले नाही. त्याने जावे, सर्वांबरोबर बसावे, पोटभर जेवावे. फक्त काय मागवायचे ते त्याला कळले पाहिजे.

थोडा हिशेब

एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा एक ग्रॅम प्रथिने यांतून सुमारे ४ उष्मांक मिळतात. एक ग्रॅम तेलातुपातून ९. तेल कोणतेही असो, शेंगदाण्याचे, सूर्यफुलाचे, सोयाबीनचे, ते शंभर टक्के स्निग्धच असते. पोह्यांचा एक मोठा चमचा तेल म्हणजे १३-१४ ग्रॅम आणि सुमारे १२० उष्मांक. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के, पनीरमध्ये २० टक्के किंवा त्याहून अधिक. काजूचे जवळपास निम्मे वजन हे तेलच असते, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

दिवसाला साधारण २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाच्या पोटात सर्व मार्गांनी मिळून ६५ ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्धांश जाऊ नयेत. एकूण उष्मांकांच्या ३० टक्क्यांपर्यंतच स्निग्ध पदार्थ घ्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे, त्यावरून हा आकडा येतो. त्यातही लोणी, तूप, मलई, वनस्पती तूप आणि पामतेल यांतील संपृक्त स्निग्धांश एक तृतीयांशापेक्षा कमी असावेत. 'आमच्या तेलात कोलेस्टेरॉल नाही' ही जाहिरात वाचून फसू नये. कोणत्याच वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसते. पामतेलातही नसते. पण त्यातला जवळपास निम्मा भाग संपृक्त असतो आणि तो आपल्या शरीरातले कोलेस्टेरॉल वाढवतो.

आता एक प्लेट पनीर बटर मसाला घेऊ. शंभर ग्रॅम पनीरचे २०, एक चमचा तेल आणि एक चमचा लोणी मिळून २५, वीस ग्रॅम काजूचे ९ आणि वर ओतलेल्या क्रीमचे ४. झाले ५८ ग्रॅम. हा माझा ढोबळ हिशेब आहे आणि त्यात आचाऱ्याचा हात आखडता धरला आहे. दोघांनी वाटून खाल्ले तरी माणशी २९ ग्रॅम. त्यात बटर नान, जिरा राइस, आधीचे मंचुरियन आणि मसाला पापड अजून धरलेलेच नाहीत.

चाळीस नावे, तीन पातेली

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ महामार्गावरील पंजाबी हॉटेलात मुख्य आचारी आहेत. मधुमेहासाठी त्यांचे औषध चालू आहे. त्यांनी एकदा मला दुपारच्या निवांत वेळी त्यांचे स्वयंपाकघर दाखवले. मेनूकार्डावर भाज्यांची चाळीस नावे होती. स्वयंपाकघरात तीन मोठी पातेली होती. लाल ग्रेव्ही टोमॅटो, काजू आणि लोण्याची. पांढरी काजू, मगज बी आणि मलईची. तिसरी तपकिरी, तेलात परतलेल्या कांदा-टोमॅटोची. सकाळी दहापर्यंत ही तिन्ही तयार होतात. त्यानंतर दिवसभर आलेली प्रत्येक ऑर्डर म्हणजे यातली एक पळी घ्यायची, कढईत पुन्हा तेल टाकून परतायची आणि पनीर, मटार, कोफ्ता जे सांगितले असेल ते मिसळायचे. व्हेज कोल्हापुरी आणि व्हेज जयपुरी यांत तिखट आणि पापडाचा फरक.

यातून एक गोष्ट कळली, ती मी तेव्हापासून सर्वांना सांगतो. ग्रेव्हीची भाजी मागवून वेटरला "तेल कमी टाका" म्हणण्याने फारसा उपयोग होत नाही. तेल सकाळीच पडलेले असते. वेटर "हो साहेब" म्हणतो, आचारी वरचे क्रीम टाकत नाही, एवढेच. तेल खरोखर कमी हवे असेल तर या तीन पातेल्यांतून न निघणारा पदार्थ मागवावा.

असे पदार्थ प्रत्येक हॉटेलात असतात. दाल घ्यावी, पण दाल मखनी नव्हे, तिच्यात लोणी आणि मलई असते. साधी पिवळी दाल मागवून "फोडणी एक चमचाच द्या, वरून तूप नको" असे सांगितले तर ते शक्य असते, कारण फोडणी आयत्या वेळी देतात. तंदुरी रोटी लोणी न लावता घ्यावी. ती कणकेची आहे की मैद्याची हेही विचारावे. नान, कुलचा मैद्याचे, पराठा तर पदरापदरात तेल धरून असतो. पापड भाजलेला. भात साधा. सोबत कांदा, काकडी, लिंबू आणि दही. राजमा किंवा छोल्यांची भाजी असेल तर कोफ्त्यापेक्षा ती केव्हाही बरी. कोफ्ता आधी तळतात आणि मग मलईत बुडवतात.

शाकाहारी मंडळींना इथे थोडे वाईट वाटेल, पण सांगायला हवे. 'प्युअर व्हेज' ही पाटी पाहून जेवण हलके असेल असे समजू नये. तंदूरमध्ये भाजलेल्या, दह्यात मुरवलेल्या आणि कातडी काढलेल्या कोंबडीत मलई कोफ्त्यापेक्षा कितीतरी कमी स्निग्धांश असतात. मी कोणाला मांसाहार करायला सांगत नाही. मलई कोफ्ता 'सात्त्विक' नव्हे, इतकेच सांगतो. मांसाहारी मंडळींनीही लगेच खूष होऊ नये. तंदुरी कोंबडी बाहेर काढताना तिच्यावर ब्रशने लोणी फिरवतात, ते "नको" म्हणून आधीच सांगावे लागते. आणि बटर चिकनचे नावच बोलके आहे.

पंजाबातला शेतकरी रोज हे खातो, असा आपला समज झाला आहे. बटर चिकनचे नाव दिल्लीतील मोती महाल या हॉटेलशी जोडले जाते, तेही फाळणीनंतरच्या काळात. तो हॉटेलचा पदार्थ आहे. पंजाबी घरातले रोजचे जेवण म्हणजे डाळ, रोटी, हंगामातली पालेभाजी, दही, ताक. इतर प्रांतांचेही असेच आहे. त्या-त्या प्रांताचे सणाचे ताट हॉटेलात रोज मिळते आणि आपण त्यालाच त्यांचे जेवण समजतो. पण त्याच मेनूकार्डाच्या एखाद्या कोपऱ्यात त्यांचे रोजचे जेवणही असते, बहुधा सर्वांत स्वस्त. तेवढे शोधून काढले की आपले काम झाले.

उडुपी हॉटेल

इथे शोधावे लागत नाही. इडली समोरच असते. तांदूळ आणि उडदाची डाळ, आंबवलेले पीठ, वाफेवर उकडलेले, स्निग्धांश नाममात्र. गंमत अशी की, मेदुवडाही त्याच उडदाचा. एक वाफेवर गेला, दुसरा कढईत. डाळ तीच, परिणाम वेगळा. 'मी इडली-वडा घेतो, म्हणजे अर्धे पथ्य' असे म्हणणारे रुग्ण मला भेटतात. त्यांनी दोन इडल्या जास्त घ्याव्यात, वडा सोडावा.

सांबार हवे तितके घ्यावे. खोबऱ्याची चटणी चवीपुरती, कारण ओल्या नारळाचा एक तृतीयांश भाग किंवा त्याहून अधिक तेलच असते आणि तेही संपृक्त. साधा डोसा चालतो; "तेल कमी, लोणी नको" म्हटले तर तव्यावर आयत्या वेळी होत असल्याने ते ऐकलेही जाते. रवा डोशाच्या जाळीत मात्र भोवताली सोडलेले तेल चांगलेच मुरते. उत्तप्पा कांदा-टोमॅटो घालून, कमी तेलावर. दहीभात, रसम-भात हे दक्षिणेकडील घरांतले खरे रोजचे अन्न आहे आणि आजारातून उठलेल्या माणसालाही ते मानवते. अलीकडे इडलीचेही तुकडे तळून 'इडली फ्राय' देतात. चांगल्या पदार्थाचे वाटोळे कसे करावे याचा तो नमुना आहे.

चायनीजची गाडी

बसस्थानकासमोर, कॉलेजच्या रस्त्यावर, संध्याकाळी लाल दिवा लावून उभी असते ती. तिच्यावरच्या पदार्थांचा चीनशी संबंध नावापुरताच. मंचुरियन हा पदार्थ मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वांग या आचाऱ्याने १९७५ मध्ये तयार केला असे सांगतात. कोबी किंवा कोंबडीचे गोळे पिठात घोळून तळायचे, मग लसूण, मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवरच्या रशात सोडायचे. रस्सा चकचकीत दिसतो तो कॉर्नफ्लॉवरमुळे. तेल गोळ्याच्या आत असते.

क्रिस्पी, लॉलीपॉप, सिक्स्टी फाइव्ह, ड्राय अशा शब्दांचा अर्थ 'तळलेले' असा घ्यावा. अमेरिकन चॉप्सुईत शेवया तळलेल्या असतात. मंचाव सूप तसे बरे, पण वरच्या तळलेल्या शेवया वेगळ्या द्यायला सांगाव्यात आणि मग त्या मुलांकडे सरकवाव्यात (मुलांनाही फार नकोत). त्यापेक्षा क्लिअर सूप, साधा वाफवलेला भात आणि मोठ्या आचेवर भरभर परतलेल्या भाज्या मागवाव्यात. ज्याला खरोखर चिनी घरातले जेवण म्हणता येईल, ते हेच. हाक्का नूडल्स मागवल्याच तर "भाज्या जास्त, तेल कमी" असे सांगून एक प्लेट तिघांत घ्यावी.

रक्तदाबाच्या रुग्णांना इथे तेलापेक्षाही मीठ त्रास देते. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभर मीठ पुरे असते. सोया सॉस, अजिनोमोटो आणि वरून मीठ असे तिन्ही एकत्र आले की सोडियम एका बैठकीत फार होते.

गाडीवरच्या कढईतल्या तेलाकडे एकदा निरखून पाहावे. तेल काळपट, घट्ट झाले असेल, त्यावर फेस राहत असेल, धुराचा उग्र वास येत असेल तर तिथे तळलेले काहीही घेऊ नये. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात घातक द्रव्ये तयार होतात. ती 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांपेक्षा अधिक झालेले तेल वापरता येणार नाही, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. पण गाडीवर मोजमाप करायला कोणी उभे नसते. आपले डोळे आणि नाक वापरावे.

गुजराती थाळी, तांबडा रस्सा, माशाचे ताट

गुजराती थाळीत एकेक पदार्थ तसा वाईट नसतो. फुलका, कढी, डाळ, खिचडी, ढोकळा. ढोकळाही इडलीचाच भाऊ, वाफेवरचा. अडचण असते 'अमर्याद' या शब्दाची. पैसे दिलेत तर वसूल झालेच पाहिजेत, या भावनेने माणूस चौथी वाटी बासुंदी घेतो. वाढपी तुपाची वाटी घेऊन फिरत असतो. फुलक्याला तूप नको हे पहिल्याच फेरीला सांगावे आणि पोट भरल्यावर ताटावर आडवा हात धरावा. तोंडाने 'नको' म्हटलेले त्यांना ऐकू येत नाही. फरसाणात कचोरी सोडून ढोकळा किंवा खांडवी घ्यावी. उंधियू रंगाने हिरवा दिसला तरी तेलात न्हालेला असतो.

कोल्हापुरी पद्धतीच्या खानावळीत, खानदेशी शेवभाजीत, किंवा आपल्या नेहमीच्या मिसळीत वर लाल तवंग येतो. कोणी त्याला कट म्हणते, कोणी तर्री. तो डोळ्यांना दिसतो ही त्याची चांगली बाजू. "तर्री वेगळी द्या" म्हटले की काम होते. किंवा वाटी दोन मिनिटे न हलवता ठेवावी आणि वरचा थर चमच्याने काढून ठेवावा. पांढऱ्या रश्शाचे तसे नाही. त्यात नारळाचे दूध असते, ते मिसळलेले असल्याने दिसत नाही आणि काढताही येत नाही. पाहुण्यांना "तांबडा तिखट, म्हणून पथ्याला पांढरा" असे वाढताना मी पाहिले आहे. पोटात जळजळ कमी होईल, पण हृदयाला तो हलका नाही. वाटीभर पुरे. शेवभाजीतली शेव मुळात तळलेली असते हेही ध्यानात असू द्यावे. खानदेशात गेलात तर वांग्याचे भरीत आणि भाकरी मागवावी, मात्र वर तेलाची धार नको म्हणून सांगावे.

मालवणी ताटात रव्यात घोळवून तळलेल्या तुकड्यापेक्षा माशाचे कालवण आणि भात बरा. कालवणात नारळ असतो, म्हणून रस्सा बेताने. बांगडा हा तेलकट मासा असला तरी त्याचे तेल हृदयाला अपायकारक नाही, उलट हितकारक आहे. तो तव्यावर थोड्या तेलात भाजून मिळाला तर जरूर घ्यावा.

मागवायचे कसे

रुग्णांची खरी अडचण पदार्थांची नसते, लाज वाटण्याची असते. आठ जणांसमोर "मला लोणी नको" म्हणायचे म्हणजे आपण आजारी आहोत हे जाहीर करायचे. त्यावर यजमानांचा आग्रह : "अहो, एक दिवसाने काय होतंय?" अशा वेळी खुशाल माझे नाव सांगावे. "डॉक्टर फार रागावतात" म्हटले की लोक हसतात आणि विषय संपतो. मी कोणाला रागावत नाही, पण या कामासाठी माझी बदनामी झाली तर हरकत नाही.

वेटरशी बोलताना मोघम सांगू नये. "दादा, कमी तेलाचं काहीतरी आणा" याला उत्तर नसते. "दादा, दोन तंदुरी रोट्या, बटर लावू नका. एक साधी दाल, फोडणी कमी. पापड भाजलेला" असे म्हटले की तो लिहून घेतो. सगळे एकदम मागवू नये. आधी सॅलड, सूप, दाल-रोटी यावी. भूक थोडी शमल्यावर भाजीचे बघावे. चौघांत एकच ग्रेव्हीची भाजी मागवावी आणि ती मध्ये ठेवून चवीपुरती घ्यावी. घरच्यांची हौसही राहते.

पार्सलचा एक फायदा आहे. डबा पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवला की तेल वर येते, ते काढून टाकता येते. उरलेली भाजी फ्रिजमध्ये ठेवून सकाळी झाकण उघडून पाहावी. लोणी, वनस्पती तूप वापरले असेल तर वर पांढरट थर गोठलेला दिसतो. शंभर भाषणांनी होत नाही ते काम हा थर करतो, असा माझा अनुभव आहे.

लांब पल्ल्याच्या बसचे एक चालक माझे रुग्ण आहेत. गाडी जिथे थांबेल तिथे जेवणे त्यांना भाग असते. ट्रायग्लिसराइड्स साडेतीनशेच्या वर होती (ती दीडशेच्या आत हवीत), पोट सुटलेले, कंबर १०२ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांत ती ९० च्या आत असावी, स्त्रियांत ८० च्या. त्यांना 'घरचा डबा न्या' सांगण्यात अर्थ नव्हता, कारण ते तीन-तीन दिवस बाहेर असतात. आम्ही दोघांनी बसून त्यांच्या मार्गावरच्या चार ढाब्यांची यादी केली आणि प्रत्येक ठिकाणी काय घ्यायचे ते ठरवले. साधी दाल, बिनलोण्याच्या रोट्या, कांदा, दही, कधी दोन उकडलेली अंडी. रात्रीची दारू बंद, गाडी उभी असेल तेव्हा अर्धा तास चालणे. सहा महिन्यांनी ट्रायग्लिसराइड्स दोनशेच्या आत आली, कंबर पाच सेंटिमीटरने उतरली. गोळी अजून चालू आहे आणि चालू राहील. ढाबेवाले आता ते दिसले की न विचारता ताट लावतात, असे ते सांगतात.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी

जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घरी घेऊन हॉटेलला निघू नये. रविवारी रात्री टेबल मिळायला अर्धा तास आणि जेवण यायला पाऊण तास लागतो. तोवर साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. औषध सोबत न्यावे आणि ताट समोर आल्यावर घ्यावे. आपल्या औषधाची वेळ नेमकी कशी जुळवायची ते आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेवावे. खिशात ग्लुकोज किंवा साखर असावी. दुसरे असे की, तेलकट जेवण जठरातून सावकाश पुढे सरकते, त्यामुळे साखरही उशिरा चढते. दोन तासांनी तपासली तर चांगली दिसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेली सापडते. 'हॉटेलात खाल्ले तरी साखर वाढली नाही' असा निष्कर्ष त्या एका आकड्यावरून काढू नये.

गॅस समजू नका

जड जेवणानंतर पचनासाठी रक्तपुरवठा पोटाकडे वाढतो आणि हृदयाला जास्त काम करावे लागते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्याला याच वेळी त्रास होऊ शकतो. रात्री पार्टीहून आल्यावर छातीत दाटल्यासारखे वाटते, जळजळते, डावा हात किंवा जबडा दुखतो, घाम फुटतो आणि घरचे म्हणतात, "हॉटेलचं खाल्लंय, गॅस झाला असेल." मग सोडा, ओवा, लिंबू असे करत दोन तास जातात. हेच दोन तास सर्वांत मोलाचे असतात.

चाळिशीपुढच्या कोणालाही, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू-सिगारेटचे व्यसन असणाऱ्याला, असे झाले तर सोडा पाजत बसू नये. मधुमेहात छातीत दुखण्याऐवजी नुसता घाम, धाप आणि मळमळ एवढेच असू शकते. रुग्णाला जिने चढू-उतरू देऊ नयेत, त्याने स्वतः गाडी चालवू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, किंवा जवळच्या ज्या रुग्णालयात रात्री ई.सी.जी. निघतो तिथे थेट न्यावे. ई.सी.जी. चांगला आला आणि खरोखरच गॅस निघाला, तर एवढ्या रात्री उठवले म्हणून कोणी डॉक्टर नाराज होत नाही.